कुंपणाला खतपाणी

पत्र : माझा धाकटा भाऊ २२ वर्षांचा आहे. तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग असून शिक्षण सांभाळून तो बागेचे काम पाहतो. दोन महिन्यांपूर्वी त्याच्या हिरड्यांतून रक्त येऊ लागले, पायांवर लाल ठिपके उठले आणि जिना चढताना धाप लागू लागली. रक्ततपासणीत हिमोग्लोबिन ५.२, पांढऱ्या पेशी १,४००, त्यांपैकी न्यूट्रोफिल ३२० आणि प्लेटलेट ९,००० निघाल्या. बोन मॅरोची तपासणी होऊन ‘सिव्हिअर अप्लास्टिक अ‍ॅनिमिया’ असे निदान झाले. माझा एचएलए (मज्जारोपणासाठी जुळवून पाहतात त्या पेशींवरील ओळखखुणा) त्याच्याशी जुळला नाही, म्हणून डॉक्टर आता त्याला घोड्यापासून बनवलेले एटीजी हे इंजेक्शन आणि सायक्लोस्पोरिन देणार आहेत. ही औषधे प्रतिकारशक्ती कमी करतात, असे त्यांनीच सांगितले. आईचे म्हणणे असे, की ज्याची प्रतिकारशक्ती आधीच संपली आहे त्याची ती आणखी कमी करणे म्हणजे पोराला मारणेच आहे. ती रोज गुळवेलीचा काढा आणि पपईच्या पानांचा रस देत आहे. अहवालात ‘पीएनएच क्लोन ३ टक्के’ असेही लिहिले आहे, म्हणजे दुसराही एखादा आजार आहे का? वडिलांना वाटते, की हे सगळे फवारणीमुळे झाले. माझा रक्तगट त्याच्याशी जुळतो, तर मी त्याला रक्त देऊ का? डॉक्टरांच्या कागदावर ‘ग्रेपफ्रूट टाळा’ असे आहे, म्हणून आम्ही द्राक्षे आणि बेदाणेही बंद केले आहेत.

— एक शिक्षिका, जि. सांगली

उत्तर :

ताई, सप्रेम नमस्कार.

तुमच्या आईचा प्रश्न अडाणीपणाचा मुळीच नाही. रक्तविकारांच्या विभागात मी काम केले त्या साऱ्या वर्षांत हा प्रश्न जवळजवळ प्रत्येक घरातून आला आणि तो विचारणाऱ्यांत दोन-तीन डॉक्टरही होते. घोटाळा ‘प्रतिकारशक्ती’ या शब्दात आहे. बोलताना आपण तिला एखाद्या टाकीतल्या पाण्यासारखे समजतो, म्हणजे ती एक तर भरलेली असते किंवा रिकामी. प्रत्यक्षात ती अनेक प्रकारच्या पेशींची मिळून झालेली यंत्रणा आहे आणि तुमच्या भावाच्या शरीरात तिचा एक भाग उपाशी, तर दुसरा भाग बेफाम झाला आहे.

अहवालाचा कागद पुन्हा एकदा समोर घ्या. एकूण पांढऱ्या पेशी १,४०० आहेत आणि न्यूट्रोफिल ३२०. मग उरलेल्या हजाराहून अधिक पेशी कोणत्या? त्यांत बहुतेक लिम्फोसाइट असतील. टक्केवारीच्या रकान्यात तो आकडा तुम्हाला सापडेल. न्यूट्रोफिल या जंतूंवर प्रथम धावून जाणाऱ्या पेशी असून रक्तात त्या जेमतेम दिवसभर टिकतात, म्हणून मज्जेला, म्हणजे हाडांतील बोन मॅरोला, त्या रोज नव्याने घडवाव्या लागतात. प्लेटलेट आठ-दहा दिवस जगतात, तांबड्या पेशी सुमारे १२० दिवस. मज्जेचे काम थांबले की या तिन्हींचा साठा आटतो. ठिपके, धाप आणि संसर्गाची भीती ही सारी त्याचीच फळे आहेत. लिम्फोसाइटांपैकी टी-पेशी मात्र वर्षानुवर्षे जगतात आणि गरज पडल्यास स्वतःच वाढून आपली संख्या राखतात. मज्जा कोरडी पडली तरी त्या टिकून राहतात. तुमच्या भावाच्या आजाराचा कर्ता बहुतांशी याच टी-पेशींमध्ये आहे. त्यामुळे ‘त्याला जंतूंपासून जपायला हवे’ हे आईचे म्हणणे खरे आहे आणि ‘त्याची प्रतिकारयंत्रणा आवरायला हवी’ हे डॉक्टरांचे म्हणणेही तितकेच खरे आहे.

कमरेच्या मागच्या हाडातून सुईने काढलेला मज्जेचा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तर या वयाच्या निरोगी माणसात तो जांभळ्या रंगाच्या लहानमोठ्या पेशींनी गच्च भरलेला दिसतो आणि मधूनमधून चरबीचे पांढरे गोल असतात. अप्लास्टिक अ‍ॅनिमियात चित्र उलटे होते. जिकडे पाहावे तिकडे चरबीचे पांढरे गोल आणि त्यांच्यामधून पेशींच्या बारीक रेघा, जणू तव्यावर जाळी पडलेले घावन. कर्करोगाच्या पेशी नसतात आणि तंतूंचे जाळेही नसते. जागा शाबूत असते, पण काम करणारे कोणी नसते. ज्या मूळ पेशींपासून रक्तातील सर्व प्रकारच्या पेशी जन्मतात, त्यांच्यावर मारक टी-पेशी शत्रू समजून चालून जातात. काहींना त्या थेट मारतात आणि शिवाय इंटरफेरॉन-गॅमासारखे पदार्थ सोडतात, ज्यांच्या प्रभावाखाली मूळ पेशी वाढायची थांबते किंवा स्वतःचा शेवट करून घेते. अशा उतावळ्या टी-पेशींना एरवी लगाम घालणाऱ्या ‘नियामक’ टी-पेशीही या रुग्णांत कमी आढळतात.

ही समजूत वैद्यकाला फार उशिरा आली. जर्मन वैद्यकशास्त्रज्ञ पाउल एर्लिख यांनी १८८८ मध्ये एका २१ वर्षांच्या गर्भवतीचा मृत्यू आणि शवविच्छेदनात दिसलेली तिची पिवळी, चरबीने भरलेली मज्जा यांचे वर्णन केले, तेव्हापासून सुमारे ८० वर्षे सर्वांची समजूत अशीच होती, की मज्जा काही कारणाने मरते आणि तिथे विषय संपतो. कलाटणी मिळाली ती जवळजवळ अपघाताने. फ्रान्समध्ये जॉर्ज माते यांनी १९७० मध्ये असे काही रुग्ण नोंदवले, ज्यांना दुसऱ्याची मज्जा देण्यापूर्वी तिचा अव्हेर होऊ नये म्हणून लिम्फोसाइटविरोधी सीरम दिले होते. दात्याची मज्जा रुजली नाही. पण काही रुग्णांची स्वतःचीच मज्जा पुन्हा काम करू लागली. मेली असे ज्या मज्जेविषयी धरून चालले होते, ती केवळ दबलेली होती आणि दाबणाऱ्या पेशी हटताच तिने डोके वर काढले. १९७७ मध्ये स्वित्झर्लंडमधील बाझेल येथे ब्रुनो स्पेक यांनाही हाच अनुभव आला. एकसारख्या जुळ्यांनी तर हा मुद्दा आणखी पक्का केला. आजारी जुळ्याला निरोगी जुळ्याची मज्जा दिली तर अव्हेराचे काही कारणच नसते आणि मज्जा सहज रुजायला हवी. पण आधी प्रतिकारयंत्रणा दडपणारी औषधे न देता असे केले, तेव्हा अनेक रुग्णांत नवी मज्जाही निकामी ठरली आणि ती औषधे देऊन पुन्हा केल्यावर ती रुजली. बियाणे चांगले असूनही पीक उभे राहत नव्हते, ते यामुळे.

आपल्याकडे म्हणतात, कुंपणच शेत खाते. तसे होत असेल, तर कुंपणाला खतपाणी घालणे हा उपाय होऊ शकत नाही. आईचा काढा नेमका तेच करू पाहतो आहे, आणि करोनाच्या साथीत ‘इम्युनिटी वाढवा’ हा मंत्र घराघरांत इतका घोटला गेला, की प्रतिकारयंत्रणा वाढवणे केव्हाही चांगलेच, असे आता पुष्कळांना वाटू लागले आहे. त्याच काळात गुळवेल घेतलेल्या सहा रुग्णांच्या यकृताला झालेल्या इजेची नोंद मुंबईतील डॉक्टरांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केली. ती इजा स्वतःच्याच प्रतिकारयंत्रणेने यकृतावर केलेल्या हल्ल्यासारखी दिसत होती. आयुष मंत्रालयाने त्या निष्कर्षावर आक्षेप घेतला, हेही येथे सांगितले पाहिजे. तो वाद बाजूला ठेवला तरी तुमच्या भावाच्या बाबतीत निर्णय कठीण नाही. त्याला जी औषधे मिळणार आहेत, त्यांवर यकृताच्या तपासण्यांकडे सतत लक्ष ठेवावे लागते आणि त्यात काढ्याची भर पडली, तर बिघाड कशाने झाला हे कोणालाच सांगता येणार नाही. काढा आजच थांबवा आणि तो किती दिवस दिला, हे डॉक्टरांना न लाजता सांगा.

पपईच्या पानांच्या रसाचेही तेच. डेंग्यूत प्लेटलेट उतरतात आणि काही दिवसांनी आपोआप वाढतात, त्यामुळे त्या दिवसांत घेतलेल्या कोणत्याही गोष्टीला श्रेय मिळते. येथे प्लेटलेट घडवणाऱ्या पेशीच उरलेल्या नाहीत. शिवाय घरी वाटलेला कच्च्या पानांचा रस ३२० न्यूट्रोफिलवर चाललेल्या मुलाच्या पोटात जाणे हाच एक धोका आहे. बीट आणि खजूर यांनी अपाय होणार नाही. पण लोहाच्या गोळ्या आणि टॉनिके मात्र द्यायची नाहीत. रक्ताच्या प्रत्येक पिशवीबरोबर शरीरात २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह जाते आणि ते बाहेर टाकण्याची सोय शरीरात नाही. पुढे हे साठलेले लोहच त्रास देते. कोणी भस्म किंवा रसौषधी सुचवली तर ठाम नकार द्या, कारण अशा काही औषधांत शिसे आणि आर्सेनिक सापडलेले आहे.

पीएनएच क्लोनबद्दल तुम्ही घाबरून लिहिले आहे. पीएनएच हा तांबड्या पेशी रक्तातच फुटण्याचा एक विकार आहे आणि क्लोन म्हणजे एकाच मूळ पेशीपासून झालेला पेशींचा गट. पण अहवालातील ती ओळ वाचून मला थोडे बरे वाटले. अप्लास्टिक अ‍ॅनिमियाच्या सुमारे निम्म्या रुग्णांत अशा पेशींचा लहानसा गट सापडतो. या पेशींच्या एका जनुकात बदल झालेला असतो, त्यामुळे काही प्रथिने पृष्ठभागाशी बांधून ठेवणारा दुवा त्यांना बनवता येत नाही. असा एखादा बदललेला मूळ पेशींचा कण निरोगी माणसांतही असू शकतो. पण तेथे त्याला वाव मिळत नाही. टी-पेशींच्या हल्ल्यात इतर पेशी मरतात आणि या तगून राहतात, त्यामुळे त्यांचे प्रमाण डोळ्यांत भरण्याइतके होते. त्या नेमक्या कशामुळे तगतात यावर तज्ज्ञांत मतभेद आहेत. व्यवहारात मात्र लहान क्लोन सापडणे ही मज्जेवर प्रतिकारयंत्रणेचाच हल्ला झाल्याची खूण मानली जाते, आणि असे रुग्ण ती यंत्रणा दडपणाऱ्या उपचाराला अधिक चांगला प्रतिसाद देतात, असा अनेक ठिकाणचा अनुभव आहे. तीन टक्क्यांना सहसा वेगळे औषध लागत नाही. पुढे क्लोन वाढतो का, हे पाहण्यासाठी ठरावीक काळाने तपासणी करतात. लघवी गडद, चहाच्या रंगाची होऊ लागली किंवा पोटात अकारण तीव्र वेदना झाल्या, तर मात्र पुढच्या तारखेची वाट पाहू नका.

आता एटीजीकडे वळू. घोड्याला मानवी थायमसच्या (छातीतील टी-पेशी घडवणाऱ्या ग्रंथीच्या) पेशी टोचतात, घोड्याचे शरीर त्यांच्याविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करते आणि ती शुद्ध करून माणसाला देतात; ती रक्तातील टी-पेशींना हेरून नष्ट करतात. सहसा सलग चार दिवस, रोज कित्येक तास, मोठ्या शिरेतून हे औषध सावकाश सोडले जाते. पहिल्या दिवशी थंडी वाजून ताप येतो आणि अंग इतके हुडहुडते, की खाट हलते. हे दृश्य पाहून नातेवाईक सलाईन बंद करा म्हणून ओरडतात. टी-पेशी फुटताना असे होणारच, हे डॉक्टरांनी धरलेले असते आणि त्यासाठीची औषधे जवळ तयार असतात. तुम्ही आईला आधीच कल्पना देऊन ठेवा. एका आठवड्यानंतर, म्हणजे साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसाच्या दरम्यान, सांधे धरणे, ताप आणि तळहात-तळपायांच्या कडांवर लाल पुरळ असा दुसरा त्रास होऊ शकतो, कारण घोड्याच्या प्रथिनाला शरीर तेव्हा उत्तर देऊ लागते. तो टाळण्यासाठी स्टिरॉइड देतात; स्टिरॉइड हा या आजारावरचा उपचार नव्हे.

घोड्याऐवजी सशापासून केलेले औषध का नको, असे कोणी विचारले तर त्याचे उत्तर तुमच्या मूळ प्रश्नाशी जोडलेले आहे. सशाचे एटीजी लिम्फोसाइटांवर अधिक जोरकस असते आणि त्यांची संख्या दीर्घकाळ खाली ठेवते, म्हणून ते या आजारात सरस ठरेल अशीच अपेक्षा होती. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १२० रुग्णांवर दोन्हींची तुलना झाली आणि २०११ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले, तेव्हा सहा महिन्यांनी घोड्याच्या औषधाला ६८ टक्के, तर सशाच्या औषधाला ३७ टक्के रुग्णांनी प्रतिसाद दिलेला होता. सशाचे औषध लगाम घालणाऱ्या पेशींनाही अधिक काळ नाहीसे करते, हे त्याचे एक संभाव्य कारण मानले जाते. म्हणजे येथे प्रतिकारयंत्रणा सरसकट जितकी दाबावी तितके चांगले, असेही नाही.

सायक्लोस्पोरिन टी-पेशींना चेतवणारा संदेश अडवते. ते नेमून दिलेल्या वेळीच घ्यायचे, आणि रक्तातील त्याची पातळी मोजायच्या दिवशी सकाळचा डोस रक्त दिल्यानंतर घ्यायचा. या एका गोष्टीत चूक झाली तर आकडा फुगलेला येतो आणि विनाकारण डोस कमी केला जातो. रक्तदाब, मूत्रपिंड, हिरड्या सुजणे, हात थरथरणे आणि अंगावर लव वाढणे या गोष्टींवर लक्ष राहू द्या. बाविशीच्या मुलाला शेवटची गोष्ट सर्वांत जास्त खुपते आणि तो गुपचूप गोळ्या टाळू लागतो. त्याच्याशी त्याबद्दल मोकळेपणाने बोला. डॉक्टर याच्या जोडीला एल्ट्रोम्बोपॅग नावाची गोळीही सुचवतील. युरोपातील १९७ रुग्णांच्या अभ्यासात, जो २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला, ती जोडल्यावर सहा महिन्यांनंतरच्या प्रतिसादाचे प्रमाण ४१ वरून ६८ टक्क्यांवर गेले. ही गोळी उरल्यासुरल्या मूळ पेशींना वाढीचा इशारा देते. दूध, दही, पनीर, कॅल्शियम आणि अ‍ॅसिडिटीची औषधे यांच्यासोबत घेतली तर ती पोटातच बांधली जाऊन वाया जाते. घेण्याच्या वेळा डॉक्टरांकडून लिहून घ्या.

सहाव्या आठवड्यात प्लेटलेट तशाच पाहून बहुतेक घरांचा धीर सुटतो आणि कोणीतरी दुसऱ्या शहरातील वैद्याचा पत्ता आणून देतो. एटीजीचा परिणाम दिसायला तीन ते सहा महिने लागतात, कारण टी-पेशी काही दिवसांतच कमी झाल्या, तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या उरलेल्या मूळ पेशींना पुन्हा संसार थाटायचा असतो. तोवर रक्त आणि प्लेटलेट देत राहणे म्हणजे उपचार फसला, असे समजू नका. सुधारणा झाल्यावरही सायक्लोस्पोरिन एकाएकी बंद करायचे नाही. ते बहुधा वर्षभर किंवा अधिक काळ देऊन हळूहळू कमी करतात. काही रुग्णांत आजार उलटतो, आणि काहींमध्ये अनेक वर्षांनी मज्जेत दुसरा, अधिक गंभीर विकार उद्भवतो, म्हणून आकडे सुधारल्यावरही तपासणी चुकवायची नाही. हे तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही.

एचएलए न जुळल्याचा अपराध तुम्ही स्वतःवर घेतला आहे, तो कृपया खाली ठेवा. सख्ख्या भावंडांत तो पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक असते आणि रक्तगटाशी त्याचा संबंध नसतो. तो जुळला असता, तर या वयात मज्जारोपण हाच पहिला पर्याय ठरला असता, हे खरे. तरी ते दार पूर्ण बंद झालेले नाही. औषधांनी गुण आला नाही, तर नोंदणीतला अनोळखी दाता शोधता येतो, आणि अर्धा एचएलए जुळणाऱ्या नातेवाइकाची मज्जाही आता काही केंद्रांत वापरतात. तो अर्धा जुळणारा नातेवाईक कदाचित तुम्हीच असाल, आणि म्हणूनच तुम्ही त्याला आता रक्त देऊ नये. जवळच्या नात्यातील रक्त घेतल्याने रुग्णाचे शरीर त्या घराण्याच्या खुणांविरुद्ध प्रतिद्रव्ये तयार करू शकते आणि पुढे त्याच नातेवाइकाची मज्जा झिडकारते. गावातील भाऊबंद रांग लावून उभे राहतात, तेव्हा त्यांना हे सांगणे कठीण जाते, याची मला जाणीव आहे. त्यांना रक्तपेढीत बदली रक्तदान करायला सांगा, म्हणजे पिशव्याही मिळतील आणि नात्याचे रक्तही टळेल. भावाला मिळणारे रक्त पांढऱ्या पेशी गाळलेले आणि किरण दिलेले आहे ना, एवढे प्रत्येक वेळी विचारत जा.

वडिलांचा फवारणीचा संशय पूर्णपणे निराधार नाही, पण सिद्धही नाही. थायलंडमध्ये झालेल्या मोठ्या पाहणीत काही कीटकनाशके आणि बेंझिन यांचा या आजाराशी संबंध दिसला होता. तरी तेथेही बहुतेक रुग्णांत कोणतेच कारण सापडले नाही. त्याच गावात, त्याच पंपाने फवारणारे शेकडो तरुण ठणठणीत असतात. वडिलांनी ‘मीच त्याला बागेत पाठवले’ म्हणून स्वतःला कोसत बसू नये. मात्र यापुढे या मुलाने फवारणीच्या जवळपासही जायचे नाही आणि औषधांचे डबे राहत्या घरात ठेवायचे नाहीत, हे पक्के करा. एका गोष्टीची खात्री डॉक्टरांकडून करून घ्या. आपल्याकडे मामाच्या किंवा आत्याच्या मुलीशी लग्न करण्याची रीत आहे. आई-वडिलांचे असे नाते असेल तर ते जरूर सांगा, कारण फॅन्कोनी अ‍ॅनिमियासारखे मज्जेचे आनुवंशिक विकार अशा घरांत अधिक आढळतात, बाहेरून ते याच आजारासारखे दिसतात, आणि त्यांत एटीजीचा उपयोग होत नाही. गुणसूत्रे किती तुटतात हे पाहणारी तपासणी झाली आहे का, हे विचारा. मुंबईत परळच्या केईएम रुग्णालयाच्या आवारात असलेल्या राष्ट्रीय प्रतिरक्षा-रक्तविज्ञान संस्थेत हे काम चालते. बी-१२ची पातळी एव्हाना पाहिली गेली असेलच. तिच्या कमतरतेतही तिन्ही पेशी उतरतात, पण तेव्हा मज्जा भरलेली असते.

ताप १००.४ फॅरनहाइटवर गेला, की ती आणीबाणी समजायची. पॅरासिटामॉल देऊन सकाळपर्यंत थांबू नका, रात्री दोन वाजले असले तरी त्याच वेळी रुग्णालयात पोहोचा, कारण अशा वेळी प्रतिजैविक तासाभरात शिरेतून जायला हवे. तासगावहून तेथे जायला किती वेळ लागतो आणि रात्री गाडी कोणाची मिळेल, हे आजच ठरवून ठेवा. अ‍ॅस्पिरिन आणि आयब्युप्रोफेन असलेल्या वेदनाशामक गोळ्या घरातून काढून टाका, कमरेत किंवा दंडात इंजेक्शन घेऊ देऊ नका, दात घासायला मऊ ब्रश ठेवा. घरात भिंत पाडण्याचे किंवा जुने शेणखत उकरण्याचे काम चालू असेल तर त्याला तेथून दूर ठेवा. त्या धुळीतील बुरशी फुफ्फुसात गेली तर तिच्याशी लढणारे न्यूट्रोफिल सध्या त्याच्याकडे नाहीत. खर्चाबद्दल तुम्ही लिहिले नाही, पण एटीजी महाग आहे. महात्मा फुले जन आरोग्य योजनेतून काही मिळू शकते का, हे रुग्णालयातील आरोग्यमित्राला आणि मुख्यमंत्री सहायता निधीबाबत तेथील समाजसेवा विभागाला विचारा, आणि हे सारे औषध सुरू होण्यापूर्वी विचारा. बिल झाल्यावर या वाटा अरुंद होतात.

राहिले ग्रेपफ्रूट. द्राक्ष उत्पादकाच्या घरात ‘ग्रेप’ हा शब्द वाचून द्राक्षे आणि बेदाणे बंद व्हावेत, यात नवल नाही. पण ग्रेपफ्रूट हे द्राक्ष नव्हेच. ते मोसंबीच्या कुळातले, मोठ्या आकाराचे, कडवट फळ आहे आणि आतड्यात सायक्लोस्पोरिनचे विघटन करणाऱ्या एन्झाइमला ते अडवते, त्यामुळे रक्तातील औषध अचानक वाढते. आपल्या बाजारात ते क्वचितच दिसते. त्याचा सख्खा नातलग असलेले पपनस मात्र गणपतीच्या दिवसांत घरोघरी येते आणि तेही असेच वागते. द्राक्षांचा औषधाशी काही झगडा नाही. सध्या न्यूट्रोफिल ५०० च्या खाली असताना घड धुणे कठीण आणि सालीवर फवारणीचे अंश असण्याची भीती, म्हणून ती थांबवली आहेत ते ठीकच झाले. त्याऐवजी जाड सालीची केळी, संत्री आणि मोसंबी घरी सोलून द्या. बेदाणे शिऱ्यात किंवा खिरीत शिजवून द्यायला आजही हरकत नाही. न्यूट्रोफिल वर आल्यावर डॉक्टरांना विचारून घरच्या बागेतील द्राक्षे स्वच्छ धुवून त्याला खुशाल द्या. पपनस फक्त गणपतीपुढच्या ताटात राहू द्या.